नऊ पौंड पंधरा पेन्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत चीनमधल्या बारावीच्या परीक्षेवर लेख आला होता. पोरं रात्र-रात्र जागतात, परीक्षेच्या दिवशी आया ठेवणीतले कपडे घालून शाळेच्या फाटकाशी थांबतात, असं सगळं होतं. फोटोही छान होते. पण इंग्रजीचा विषय लेखकानं एका ओळीत उरकला : 'तिथेही इंग्रजी सक्तीचे आहे.' तेवढ्या एका ओळीवरून हे पत्र लिहायला बसले आहे.

आधी एक दुरुस्ती. गावखाव ह्या त्यांच्या परीक्षेत सक्ती आहे ती परकीय भाषेची. इंग्रजी, रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, यांतली कोणतीही घेता येते. बहुतेक मुलं इंग्रजी घेतात, हे खरं. २०२४ साली ह्या परीक्षेला १ कोटी ३४ लाखांच्या वर मुलांनी नाव नोंदवलं होतं, त्यावरून अंदाज करा. एकूण ७५० गुण, त्यांतले १५० परकीय भाषेचे. म्हणजे गणिताला जेवढे तेवढेच.

मला हे कसं माहीत, तर माझा भाचा. धाकट्या बहिणीचा मुलगा. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत सरकारी कॉलेजपुरते गुण पडले नाहीत, इथल्या खासगी कॉलेजचा आकडा ऐकून मेहुण्यांनी हात जोडले, आणि २०१६ ला पोरगा एमबीबीएससाठी चीनला गेला. आमच्या परभणी-नांदेड पट्ट्यातून असे बरेच गेले. २०२० च्या जानेवारीत सुट्टीला म्हणून आला तो कोरोनात इथंच अडकला, आणि उरलेलं शिक्षण गंगाखेडच्या घरात, माळवदावर जिथं रेंज येते तिथं खुर्ची टाकून पुरं केलं. ते दीड वर्ष मला त्याचं बोलणं रोज ऐकायला मिळालं.

मी स्वतः गंगाखेड तालुक्यात एकोणतीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हा भाचाही माझ्याच हाताखालून गेलेला. बारावीला त्याला इंग्रजीत ७१ होते, त्यांतले १९ तोंडीचे. ते १९ मीच दिले होते. त्याचं पुढं सांगते.

तिकडं ह्या मुलांचं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत असलं तरी चिनी शिकावीच लागते. दवाखान्यात रुग्ण काय इंग्रजीत कण्हणार आहे? त्यासाठी एचएसके नावाची परीक्षा असते. भाच्याला चौथी पातळी पार करायची होती. तीनशे गुणांचा पेपर : शंभर ऐकण्याचे, शंभर वाचण्याचे, शंभर लिहिण्याचे. पास व्हायला १८०. पहिल्या वर्षी फोनवर रडायचा, "मावशी, काहीच ऐकू येत नाही, सगळं च्याव-च्याव वाटतं." तिसऱ्या वर्षी तोच पोरगा भाजीवालीशी दरावरून भांडत होता, आम्ही व्हिडिओ कॉलवर बघत होतो. मला कौतुक वाटलं, आणि लगेच आत काहीतरी टोचलं. ज्या लेकराला पहिलीपासून बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजी शिकवून ऐकू आलं नाही, त्याला तीन वर्षांत चिनी ऐकू यायला लागली. पोरगा तोच होता. फरक एवढाच की तिथल्या पेपरात एक तृतीयांश गुण कानाचे होते.

त्याच्या होस्टेलसमोर एक शेवयांच्या सुपाचं दुकान होतं. मालकिणीची मुलगी तेव्हा त्यांच्या बारावीला. भाचा तिथं जेवायला गेला की ती वही घेऊन यायची आणि इंग्रजीत काही विचारायची. तिच्याकडून त्यानं सरावाचा एक पेपर माझ्यासाठी आणला, 'मावशी, तुझ्या कामाचा आहे' म्हणून. मी तो दोन दुपारी बसून सोडवला. आता त्यांचे पेपर जरा बदलले आहेत, पण बऱ्याच प्रांतांतला आजचा साचा असा : दोन तास, १५० गुण. ऐकण्याचे ३०, वाचण्याचे ५०, गाळलेले शब्द आणि व्याकरण मिळून ३०, लेखनाचे ४०. लेखनात १५ गुणांचं एक छोटं पत्र, आणि २५ गुणांना अर्धवट सोडलेली गोष्ट पुरी करायची. गोष्टीचे पुढचे दोन परिच्छेद लिहायचे, प्रत्येकाची पहिली ओळ दिलेली. गाईडात ह्याचं उत्तर कुठून सापडणार! मी एकोणतीस वर्षं ज्यांना 'अपील' आणि 'ब्लॉग'चे साचे पाठ करून घेतले, त्या माझ्या लेकरांनी इथं काय केलं असतं, हा विचार मी त्या दुपारी बाजूला सारला.

पत्राच्या प्रश्नात एक मजा आहे. त्यात मुलानं स्वतःचं नाव लिहायचं नसतं. 'तू ली हुआ आहेस असं समज,' असं प्रश्नच सांगतो. वर्षानुवर्षं हा ली हुआ परदेशी मित्रांना पत्रं पाठवतोय. कधी चहाबद्दल, कधी शाळेतल्या नाटकाचं आमंत्रण, कधी आजारी मित्राची विचारपूस. अख्ख्या देशाची पोरं एका काल्पनिक पोराच्या नावानं सही करतात. ती दुकानातली मुलगी म्हणायची म्हणे, 'ली हुआला इतके परदेशी मित्र, मला मात्र एक तुम्हीच.'

आणि दुसरी मजा शर्टाची. ऐकण्याच्या भागाच्या सुरुवातीला नमुना म्हणून एक प्रश्न छापलेला असतो, वर्षानुवर्षं तोच : शर्टाची किंमत किती? पर्याय तीन : १९ पौंड १५ पेन्स, ९ पौंड १८, ९ पौंड १५. उत्तर तिसरं. चीनमधल्या पोरांत हा शर्ट म्हणजे चेष्टेचा विषय आहे, कुणीही झोपेतून उठवलं तरी सांगेल, नऊ पौंड पंधरा पेन्स. पण प्रश्न बघा किती बारीक. 'नाइन' आणि 'नाइन्टीन', 'फिफ्टीन' आणि 'एटीन'. कागदावर कुणी चुकणार नाही. चूक होणार ती कानाची.

निवृत्तीनंतर माझ्याकडे सकाळी बारावीची सहा-सात लेकरं येतात. फी घेत नाही, त्यामुळं येतात तेव्हा येतात. दोन मुली महातपुरीहून एसटीनं येतात, एक मुलगा मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याचा. एका सकाळी मी त्यांना हाच प्रश्न घातला. तीन पर्याय फळ्यावर लिहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "नाइन फिफ्टीन." एकदाच. चौघांनी १९ लिहिलं. एका मुलीनं वहीत 'सव्वानऊ' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, वाजले किती तेच सांगितलं ना तुम्ही?" हमालाचा पोरगा म्हणाला, "नऊ रुपयांत आपल्याकडं शर्टाची बटनं येतात." खूप हसलो.

मग भाच्यानं दिलेल्या रेकॉर्डिंगमधले पहिले पाच संवाद लावले. दोन माणसं दोन-दोन वाक्यं बोलतात, आणि हे पाच एकदाच ऐकवतात. पुढचे मोठे दोनदा. माझा स्पीकर मुठीएवढा, वर पंख्याची घरघर, बाहेर घंटागाडीचं गाणं. पाचपैकी पाच कुणाचेच आले नाहीत. दोघांचे दोन आले, बाकीच्यांचा एखादा. महातपुरीची मोठी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे नुस्तं पाणी वाहिल्यावाणी ऐकू येतंय. कुठं थांबतं तेच कळंना."

त्यानंतर मी तेच पाच संवाद कागदावर लिहून दिले. संपादक महोदय, पाचही संवाद सगळ्यांना कळले. एकही शब्द नवा नव्हता. छत्री, स्टेशन, उशीर, तिकीट, सगळे सातवीच्या आतले शब्द. लेकरांना इंग्रजी येत होतं, फक्त डोळ्यांनी. कानांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही आले.

आता ते १९ गुण. आपल्या बारावीच्या इंग्रजीत ८० लेखी आणि २० तोंडी व अंतर्गत. शंभरात वीस. चीनच्या त्या पेपरात १५० पैकी ३० ऐकण्याचे, म्हणजे तेही शेकडा वीसच. वजन अगदी सारखं. पण तिथं ते तीस गुण पोरांना वेगवेगळं करतात, आणि आपल्याकडं हे वीस खिरापतीसारखे वाटले जातात. मी वाटले आहेत. दोन तासांत ऐंशी-पंच्याऐंशी लेकरं. 'मे आय कम इन मॅडम', 'माय नेम इज', 'माय फादर इज फार्मर', पुढचा. अठरा, अठरा, एकोणीस, सतरा. सतरा कुणाला, तर जे त्या दिवशी आलंच नाही त्याला. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरं फेब्रुवारीत कुठं असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

एका वर्षी मी खरे गुण दिले. कुठल्या कॉलेजात आणि कोणत्या वर्षी ते सांगत नाही. प्रत्येकाशी चार मिनिटं बोलले, एक छोटा उतारा वाचून दाखवून दोन प्रश्न विचारले. सहा, आठ, अकरा, पाच असे गुण पडले. एकाला एकोणीस. हा पोरगा दिवसभर मोबाइलवर क्रिकेटची कॉमेंट्री इंग्रजीत ऐकायचा. लेखीत बेताचाच, स्पेलिंगची बोंब, पण बोलायला लागला की समोरचा बघत राहील. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, शेजारचं कॉलेज सरसकट एकोणीस देतंय. आपल्याच लेकरांनी काय पाप केलंय?" मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही, कारण त्यांचं बरोबरच होतं. मी नवी यादी लिहिली. त्या पोराचे एकोणीस तसेच राहिले, फक्त आता ते सगळ्यांचेच झाले.

लेखी पेपरचंही सांगून टाकते. त्यात 'ग्रुप डिस्कशन' असा प्रश्न आहे. गटचर्चा! ती कागदावर लिहायची. चार नावं घ्यायची, पहिल्यानं मुद्दा मांडायचा, दुसरीनं 'आय अ‍ॅग्री विथ यू' म्हणायचं, तिसऱ्यानं जरा विरोध करायचा. चौघांची चर्चा एकटं लेकरू तोंड न उघडता पार पाडतं आणि गुण मिळवतं. पोहण्याची परीक्षा बाजेवर बसून द्यावी तसं. चीनमधले लोक स्वतःच्याच पोरांच्या इंग्रजीला 'मुकं इंग्रजी' म्हणतात, कारण पेपर उत्तम सोडवून बोलायला ती अडखळतात. मग आपल्या पोरांच्या इंग्रजीला काय म्हणावं? मुकं तर आहेच, वर बहिरंही.

ह्याचा अर्थ 'चीनसारखं करा' असा कुणी काढू नये. तिथं सगळं सोन्याचं नाही. झेजियांग प्रांतात २०१८ च्या नोव्हेंबरमधल्या इंग्रजीच्या परीक्षेत पेपर अवघड गेला म्हणून काही प्रश्नांचे गुण परस्पर वाढवून दिले. कुणाला फायदा झाला, कुणाला नाही. पालक खवळले, चौकशी बसली, वाढवलेले गुण रद्द करून मूळ गुण लावावे लागले आणि तिथल्या शिक्षण विभागाच्या प्रमुखाचं पद गेलं. वाचून मला आमची यादी आठवली. आमच्याकडं दरवर्षी वाढतात, पण सगळ्यांचेच वाढतात, म्हणून कुणी खवळत नाही.

त्यांच्याकडून घ्यायची ती वेगळीच एक गोष्ट आहे. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात ही गावखाव परीक्षा बंद होती, १९७७ ला पुन्हा सुरू झाली. तेव्हा खेड्यापाड्यांत इंग्रजीला शिक्षकच नव्हते. म्हणून सुरुवातीला इंग्रजीचे गुण जवळपास धरलेच नाहीत. मग १९८० ला तीस टक्के धरले, पुढच्या वर्षी पन्नास, त्याच्या पुढच्या वर्षी सत्तर, आणि १९८३ ला पूर्ण. ऐकण्याचा भाग तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. आणि बीजिंगमध्ये २०२१ पासून दीडशेतले ५० गुण ऐकण्या-बोलण्याचे झाले. मुलगा हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसतो, ऐकतो आणि बोलतो. वर्षात दोन संधी, ज्यात जास्त ते गुण धरतात. हे एका जीआरनं उरकलेलं काम नाही. आपल्याकडं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, ते चांगलंच झालं असं मी तेव्हाही म्हणत होते. पण पहिलीच्या वर्गावरच्या गुरुजींचे कान कुणी तयार केले होते?

आमच्या मराठवाड्याला हे पटायला जड जाऊ नये. माझे वडील निजामाच्या राजवटीत परभणीला उर्दूत शिकले. १९४८ ला मुक्ती मिळाली, शाळा मराठी झाली, पण वडिलांची उर्दू शेवटपर्यंत अस्खलित होती. का, तर ती पुस्तकात नव्हती. कचेरीत होती, बाजारात होती, शेजारच्या चाचांच्या ओट्यावर होती. आजही आमच्याकडं सही न येणारा माणूस हैदराबादला जाऊन तिथली हिंदी फाडफाड बोलून येतो. त्याला कुठं कोणी व्याकरण शिकवलं?

माझी मागणी लहान आहे. बोर्डानं त्या वीस गुणांतले फक्त पाच बाजूला काढावेत. पाच गुणांचा ऐकण्याचा पेपर, सगळ्या राज्याला एकच, एकाच वेळी. कॉलेजच्या यादीतून नव्हे, उत्तरपत्रिकेतून. दोन वर्षांनी दहा करावेत. यंत्रसामग्री नाही असं कुणी म्हणेल, तर चीनमध्ये कॉलेजच्या मुलांच्या इंग्रजी परीक्षेत ऐकण्याचा भाग बऱ्याच ठिकाणी एफएमवरून ऐकवतात, मुलं साधे रेडिओ-हेडफोन लावून बसतात. आपल्याकडं आकाशवाणी आहे. परभणी केंद्राचा आवाज ऐकत आमची अख्खी पिढी मोठी झाली. नांदेडला आहे, बीडला आहे, धाराशिवला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. परीक्षा नंतरची गोष्ट, आधी निदान दुपारची पंधरा मिनिटं बारावीच्या इंग्रजीला द्या. सावकाश बोललेलं, आपल्याकडच्याच माणसांनी बोललेलं इंग्रजी. बीबीसीची घाई नको.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ह्याचा आयता फायदा होईल, हा आक्षेप मला माहीत आहे. होईल. पण आज काय होतंय? बोर्डात सगळे एकोणीसवर सारखे, आणि पुण्यात मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर आमचं लेकरू सहावर येतं. तिथं त्याला कुणी यादी बदलून देत नाही. पेपरात नाही म्हणून कॉलेजात शिकवत नाहीत, आणि मग तेच 'स्पोकन'च्या क्लासला लातूर-नांदेडात हजारो रुपये मोजून विकत घ्यावं लागतं. ज्याच्या वावरात सोयाबीन बरी झाली तो घेतो.

आणखी एक. चीनमध्ये ऐकण्याचा पेपर चालू असताना परीक्षा केंद्राच्या आसपास हॉर्न वाजवायला बंदी असते, बांधकामं थांबवतात. आमच्या बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचाच असतो, ऐन लग्नसराईत. केंद्रामागून वरात गेली तर डीजे बंद करा म्हणायला कुणी जात नाही, कारण सगळे भिंतीवरून कॉप्या येतात का ते बघण्यात गुंतलेले असतात. आवाज बंद करावा असं आत काही चाललेलंच नसतं, म्हणा.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. सध्या रोज सकाळी दहा मिनिटं फक्त ऐकणं. माझ्याच आवाजात तीस-पस्तीस लहान संवाद मोबाइलवर रेकॉर्ड केलेत. एसटीचं वेळापत्रक, कापसाचा भाव, दवाखान्यातला केसपेपर, असले. पुरुषाचा आवाज भाचा देतो, तो आता इथंच दवाखान्यात असतो. महातपुरीची मुलगी गेल्या आठवड्यात पाचपैकी तीनवर आली. हमालाचा पोरगा अजून एकावरच आहे, पण तो आता ऐकताना डोळे मिटून बसतो.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
गंगाखेड, जि. परभणी

ता. क. : वर १९ गुणांचं जे कबूल केलं आहे त्यामुळं माझं नाव छापू नये, ही विनंती. मला काही होणार नाही, पण त्या यादीतल्या लेकरांच्या मार्कशीटकडं उगाच कुणी बोट दाखवेल. रेकॉर्डिंग कुणा शिक्षकाला हवी असतील तर आपल्या कार्यालयाकडं पेनड्राइव्ह पाठवून ठेवते.